आवडीचे पान वाढताना

नोव्हेंबर २०२५ मध्ये पोप लिओ चौदावे यांनी चित्रपटसृष्टीतील कलावंतांना आणि दिग्दर्शकांना व्हॅटिकनमध्ये भेटीस बोलावले. १५ नोव्हेंबरच्या त्या भेटीपूर्वी काही दिवस व्हॅटिकनकडून एक लहानशी माहिती प्रसिद्ध झाली. तिच्यात ना कुठली शिकवण होती, ना कुठला आदेश. पोप महोदयांना आवडणाऱ्या चार चित्रपटांची नावे, एवढेच काय ते तिच्यात होते: फ्रँक काप्रा यांचा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ (१९४६), रॉबर्ट वाइज यांचा ‘द साउंड ऑफ म्युझिक’ (१९६५), रॉबर्ट रेडफर्ड यांचा ‘ऑर्डिनरी पीपल’ (१९८०) आणि रॉबेर्तो बेनिनी यांचा ‘लाइफ इज ब्युटिफुल’ (१९९७).

यांतील ‘साउंड ऑफ म्युझिक’ आपल्या घरांना नवा नाही. आपल्या कित्येक मुलामुलींनी शाळेच्या रंगमंचावर त्यातील गाणी म्हटली आहेत. परंतु ‘ऑर्डिनरी पीपल’ हे नाव वाचून मी थबकलो. एका सुखवस्तू अमेरिकन कुटुंबातील थोरला मुलगा नौका उलटून बुडतो, धाकटा वाचतो आणि वाचल्याच्या अपराधी भावनेने स्वतःचा जीव घ्यायला निघतो. आईला त्याच्यावर प्रेम करणे जमत नाही आणि शेवटी ती घर सोडून जाते. या चित्रपटात कुणी फादर मदतीला येत नाहीत, कुणी गुडघे टेकून प्रार्थना करीत नाही. दुःखाविषयी बोलू न शकणाऱ्या एका घराची ही करुण कहाणी आहे. ती एखाद्या धर्मगुरूच्या हृदयात घर करून राहावी, याचा अर्थ काय? मला त्याचा अर्थ असा दिसतो की, आपल्याला काय आवडते हे सांगणारा मनुष्य त्या कलाकृतीविषयी थोडेसे आणि स्वतःविषयी पुष्कळ सांगत असतो. आवड सांगणे हे एका परीने आपले घर उघडून दाखवणे आहे. म्हणूनच ते सोपे नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे: आवडलेला चित्रपट, आवडलेली मालिका, आवडलेले पुस्तक दुसऱ्याच्या पानात वाढणे म्हणजे नेमके काय करणे, आणि ते करायचे आपण का सोडून देत आहोत?

ख्रिस्तसभेचा या बाबतीतला प्रवास लक्षात घेण्याजोगा आहे. १५५९ साली पोप चौथे पॉल यांच्या कारकिर्दीत निषिद्ध ग्रंथांची रोमन सूची प्रसिद्ध झाली. ती निरनिराळ्या रूपांत चारशे वर्षांहून अधिक काळ टिकली आणि १९६६ साली, पोप सहावे पॉल यांच्या काळात, तिचे कायद्याचे बंधन संपुष्टात आले. चित्रपटांच्या बाबतीत पहिले परिपत्रक १९३६ सालचे. पोप अकरावे पायस यांच्या ‘विजिलांती कुरा’ या परिपत्रकाचा सूर प्रामुख्याने सावधगिरीचा आहे. असभ्य चित्रपट न पाहण्याची शपथ घेणाऱ्या अमेरिकन कॅथलिकांचे त्यात कौतुक आहे आणि कोणते चित्रपट पाहण्यास योग्य, कोणते अयोग्य याच्या याद्या भाविकांपर्यंत पोचाव्यात असे सुचवले आहे. १९५७ मध्ये पोप बारावे पायस यांनी ‘मिरांदा प्रोर्सुस’ लिहिले तेव्हा सूर बदलला होता. चित्रपट, आकाशवाणी आणि दूरचित्रवाणी या शोधांकडे देवाच्या देणग्या म्हणून पाहण्याची दृष्टी त्यात आहे. पुढे ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने समाजसंपर्काच्या साधनांवर ‘इंतेर मिरिफिका’ हा हुकूमनामाच काढला.

मग १९९५ साल उजाडले. २८ डिसेंबर १८९५ रोजी ल्युमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये पहिला जाहीर खेळ केला होता, त्याची ती शताब्दी. त्या निमित्ताने व्हॅटिकनच्या समाजसंपर्क विभागाने पंचेचाळीस चित्रपटांची एक यादी प्रसिद्ध केली. धर्म, मूल्ये आणि कला अशा तीन गटांत प्रत्येकी पंधरा. पाहू नका असे सांगणारी नव्हे, तर पाहा असे सांगणारी यादी! आणि तीस वर्षांनी, २०२५ मध्ये, शिफारससुद्धा नाही. केवळ ‘मला हे आवडते’ एवढेच. नकाराची यादी, शिफारशीची यादी आणि आवडीची यादी अशा या तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीला मी हसणार नाही. लहान मुले असलेल्या घरात आईबापांना आजही नकाराची यादी मनाशी ठेवावीच लागते. मात्र पहिल्या पायरीवर उभा राहणारा मनुष्य दुसऱ्याचे रक्षण करतो, दुसऱ्या पायरीवरचा त्याला शिकवतो, आणि तिसऱ्या पायरीवर तो त्याच्या शेजारी येऊन बसतो. हा फरक महत्त्वाचा आहे.

१९९५ च्या यादीविषयी दोन शब्द. तिचे औदार्य थक्क करणारे आहे. धर्म या गटात ‘बेन-हर’ (१९५९) असणार हे कुणीही सांगितले असते. परंतु त्याच गटात पिएर पाओलो पासोलिनी यांचा संत मत्तयच्या शुभवर्तमानावरील चित्रपट (१९६४) आहे. पासोलिनी मार्क्सवादी आणि नास्तिक होते. त्यांनी आपला चित्रपट पोप तेविसावे जॉन यांच्या स्मृतीस अर्पण केला होता. देवावर विश्वास नसल्याचे उघडपणे सांगणारे लुई बुन्युएल यांचा ‘नाझारिन’ही त्याच रांगेत बसला आहे. सत्य कोणाच्याही हातून येवो, ते वाढून घ्यायला आम्ही तयार आहोत, असेच जणू यादी करणाऱ्यांनी सांगितले.

तिची उणीवही दडवण्याचे कारण नाही. मूल्यांच्या गटात ‘गांधी’ (१९८२) आहे. पण तो रिचर्ड ॲटनबरो या इंग्रज दिग्दर्शकाचा. भारतीय दिग्दर्शकाचा एकही चित्रपट त्या पंचेचाळिसांत नाही. सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ (१९५५) नाही. दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ (१९३६) नाही. खरे तर १९३७ सालीच व्हेनिसच्या महोत्सवात ‘संत तुकाराम’ची प्रशंसा झाली होती, आणि भक्त व देव यांच्या नात्यावरचा इतका निर्मळ चित्रपट शोधून सापडणे कठीण. याचा राग मानण्याचे मात्र कारण नाही. कुठलीही यादी करणारा मनुष्य आपल्या अंगणात उभा राहून करतो. त्याच्या कुंपणापलीकडचे आपण त्याला दाखवायचे असते. यादी संपते तिथून गप्पा सुरू व्हाव्यात, हाच यादीचा खरा उपयोग.

याच यादीतील धर्म या गटात एक डॅनिश चित्रपट आहे: गाब्रिएल आक्सेल यांचा ‘बॅबेट्स फीस्ट’ (१९८७). परदेशी भाषेतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर पारितोषिक मिळवणारा हा पहिला डॅनिश चित्रपट. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ सालच्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या कुटुंबप्रेमावरील पत्रात त्याचा आवर्जून उल्लेख केला, तेव्हापासून तो आपल्या धर्मगुरूंच्या बोलण्यात अधूनमधून येऊ लागला आहे. बहुधा तो पवित्र मिस्साबलिदानाचे रूपक म्हणून सांगितला जातो: बारा पाहुणे, एक भोजन, आणि सर्वस्व देऊन टाकणारी एक व्यक्ती. हा अर्थ चुकीचा नाही. परंतु मला तो चित्रपट आस्वादाविषयीचा, रसिकतेविषयीचा वाटत आला आहे, आणि ही बाजू सहसा कुणी उलगडून दाखवत नाही.

कथा थोडक्यात अशी. डेन्मार्कच्या जटलंड प्रांतातील उजाड किनाऱ्यावर एक छोटे गाव आहे. एका कठोर व्रतस्थ पाळकाच्या दोन मुली, मार्तिने आणि फिलिपा, वडिलांच्या मागे त्यांचा लहानसा अनुयायीवर्ग सांभाळीत म्हाताऱ्या होत चालल्या आहेत. १८७१ मध्ये पॅरिस कम्युनच्या संहारातून निसटलेली बॅबेट नावाची फ्रेंच कॅथलिक स्त्री एक पत्र घेऊन त्यांच्या दारी येते. तिचा नवरा आणि मुलगा मारले गेले आहेत. ती बिनपगारी स्वयंपाकीण म्हणून राहते. मासळीचे सुके तुकडे आणि पाव भिजवून केलेली पेज, हे त्या घरचे नित्याचे अन्न ती चौदा वर्षे रांधते. मग एके दिवशी तिला लॉटरीत दहा हजार फ्रँक मिळतात. पाळकबुवांची जन्मशताब्दी जवळ आलेली असते. त्या दिवशीचे जेवण मला करू द्या, खऱ्या फ्रेंच पद्धतीचे, एवढी एकच विनंती ती करते.

सामान येऊ लागते. जिवंत कासव, पिंजऱ्यातील लावे, मद्याच्या बाटल्या. मार्तिने हादरते, हे जेवण म्हणजे चेटूक तर नाही, असे दुःस्वप्न तिला पडते. ती आपली भीती मंडळीला सांगते आणि सगळे म्हातारे-म्हाताऱ्या मिळून एक विलक्षण करार करतात: जेवायला बसायचे, यजमानणीचे मन मोडायचे नाही, पण अन्नाविषयी एक शब्दही बोलायचा नाही. जीभ आहे ती प्रार्थनेसाठी. चव कळलीच नाही असे समजायचे.

या कराराशी मी पुन्हा पुन्हा अडखळतो. ही माणसे वाईट नाहीत. त्यांची श्रद्धा खरी आहे, एकमेकांना त्यांनी आयुष्यभर धरून ठेवले आहे. पण जे सुंदर आहे त्याची त्यांना भीती वाटते आणि भीतीवर त्यांनी काढलेला उपाय म्हणजे मौन. आपल्या धर्मग्रामांतील वातावरण ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे मौन परके वाटणार नाही. एखादी तरुण मुलगी एखादी कादंबरी वाचून हलून जाते. ती कादंबरी विश्वासाविषयी अवघड प्रश्न विचारणारी असते. घरी सांगावे तर आई काय म्हणेल, प्रार्थनागटात सांगावे तर इतर काय म्हणतील, म्हणून ती गप्प राहते. एखाद्या गृहस्थाला रात्री उशिरा पाहिलेल्या चित्रपटाने रडवलेले असते. सकाळी तो देवळाच्या आवारात पावसापाण्याच्या गप्पा मारतो. सगळे जेवत असतात आणि अन्नाविषयी कुणीच बोलत नसते.

त्या मेजावर बारावा पाहुणा येतो तो जनरल लोवेनहिल्म. तारुण्यात त्याने मार्तिनेवर प्रेम केले होते आणि ते मिळण्यासारखे नाही असे ठरवून तो मानमरातबाच्या वाटेने निघून गेला होता. त्याला कराराची काहीच कल्पना नाही. सूपचा पहिला घोट घेताच तो चकित होतो. हे कासवाचे सूप, आणि कसले! पुढचे पेय शॅम्पेन आहे, तेही १८६० सालचे, हे तो ओळखतो. मोठ्या उत्साहाने तो शेजाऱ्यांना सांगू लागतो. शेजारी कराराला जागून हवामानाविषयी आणि दिवंगत पाळकबुवांविषयी बोलतात. हा प्रसंग विनोदी आहे, प्रेक्षक खळखळून हसतो. पण त्या हसण्याखाली एक वेदना आहे. ज्याला समजले आहे त्याला ऐकणारा नाही, आणि ज्यांच्यापुढे ऐकण्यासारखे वाढले आहे त्यांनी कान बंद केले आहेत.

तरीही जनरल थांबत नाही, आणि येथे आक्सेल यांनी जे साधले आहे त्याला तोड नाही. लावे वाढले जातात तेव्हा ते खायचे कसे हे कुणालाच ठाऊक नसते. मंडळी चोरट्या नजरेने जनरलकडे पाहतात आणि तो करील तसे करू लागतात. तो कुणाला शिकवीत नाही. तो फक्त मनापासून जेवतो आहे आणि आपला आनंद लपवत नाही. मग तो पॅरिसमधील कॅफे आंग्ले या भोजनगृहाची आठवण सांगतो. तेथे हीच पाककृती त्याने पूर्वी चाखली होती आणि तेथील मुख्य आचारी एक स्त्री होती. ती स्त्री भिंतीपलीकडे, स्वयंपाकघरात उभी आहे हे त्याला कळत नाही. आपल्याला मात्र कळते.

हळूहळू मंडळी सैलावते. एकमेकांना व्यवहारात फसवलेले दोघे कबुली देऊन हसतात, वर्षानुवर्षांचे रुसवे मिटतात, आणि जेवणानंतर सगळे विहिरीभोवती हातात हात धरून ताऱ्यांखाली फेर धरतात. करार त्यांनी मोडलेला नसतो. अन्नाविषयी ते शेवटपर्यंत बोलत नाहीत. पण अन्नाने त्यांच्यात जे केले ते लपत नाही.

आपल्याकडच्या साहित्यशास्त्रात रसिकाला ‘सहृदय’ म्हटले आहे: ज्याचे हृदय कलावंताच्या हृदयाशी समान झाले तो. जनरल हा त्या मेजावरचा सहृदय. समीक्षकाचे काम काय, असे मला कुणी विचारले तर मी या जनरलकडे बोट दाखवीन. पदार्थाचे नाव ओळखणे हे त्याचे ज्ञान झाले. पण त्याचे खरे काम हे की, आपण चव घेताना दिसावे, म्हणजे शेजाऱ्यालाही चव घेण्याचा धीर येतो.

एक आक्षेप येथे उभा राहतो आणि तो टाळता कामा नये. जनरल हा धनवान, फिरलेला, उच्चकुलीन. चव कळायला कॅफे आंग्लेमध्ये जेवलेले असावे लागते काय? मग गोरगरिबांनी रसिकता कुठून आणायची? चित्रपटाचे उत्तर दुहेरी आहे. ज्याला सगळे ज्ञान आहे तो जनरल आरशासमोर उभा राहून आपल्या यशस्वी आयुष्याचा पोकळपणा मोजत त्या घरी आला होता. केवळ ज्ञानाने त्याचे काही भले झालेले नव्हते. आणि ज्यांना काहीच ज्ञान नव्हते, ज्यांच्यातल्या एका म्हातारीला शॅम्पेन म्हणजे लिंबाचे सरबत वाटले, त्या माणसांच्या अंतःकरणात तो रस मुरला. ज्ञान असलेल्याला सोबतीची गरज होती आणि भोळ्यांना वाट दाखवणाऱ्याची. दोघांनी एका मेजावर बसावे लागले. जनरल आपल्या भाषणात स्तोत्र ८५ मधील दया आणि सत्य यांच्या भेटीचा दाखला देतो, तो मला म्हणूनच त्या पंगतीलाही लागू वाटतो.

ज्या कथेवरून हा चित्रपट घेतला, ती कारेन ब्लिक्सेन यांची कथा अधिक तिखट आहे. तिचे स्थळ नॉर्वेतील बर्लेवोग हे गाव. आक्सेल यांनी ते जटलंडला आणले आणि एकंदर सूर मवाळ केला. कथेत बहिणी जेव्हा म्हणतात की आमच्यासाठी तू सगळे पैसे खर्च केलेस, तेव्हा बॅबेट ते मान्य करीत नाही. आपण हे स्वतःसाठी केले असे ती सांगते. कॅफे आंग्लेला येणारे सरदार आणि सेनापती हेच तिच्या माणसांना मारणारे होते, हे ती विसरलेली नाही. तरीही तिची कला ओळखणारे ते होते, म्हणून त्यांचा वियोग तिला सलतो. चित्रपट पाहून भारावलेल्यांनी कथा अवश्य वाचावी. आपल्या आवडीचा सोबती आपल्या मताचा, आपल्या पक्षाचा, आपल्या धर्माचाच असेल असे नाही, ही कडू गोष्ट तिथे न लपवता सांगितली आहे.

चित्रपटानंतर मालिका. मालिका म्हटले की आपल्याकडे सासू-सुनांची भांडणे आठवतात. परंतु पोलंडच्या दूरचित्रवाणीसाठी किस्लोव्हस्की या दिग्दर्शकाने पिएसेविच या वकील मित्राच्या सहकार्याने लिहिलेली ‘डेकालॉग’ (१९८८) ही दहा भागांची मालिका १९९५ च्या यादीत मूल्यांच्या गटात सन्मानाने बसली आहे. दहा आज्ञा, दहा गोष्टी, आणि सगळी पात्रे वॉर्सा शहरातील एकाच गृहसंकुलात राहणारी. एकाच उद्वाहकातून वर-खाली जाणारी ही माणसे एकमेकांच्या यातनांविषयी अनभिज्ञ असतात. उपनगरातल्या आपल्या सोसायट्यांचेच ते चित्र वाटावे.

प्रस्तुत विषयाशी संबंध येतो तो आठव्या आणि दहाव्या भागाचा. आठव्या भागात नीतिशास्त्राच्या एका वृद्ध प्राध्यापिकेकडे तिचा शेजारी येतो आणि नव्याने मिळालेली झेपेलिन विमानाची तिकिटे, म्हणजे टपालाची तिकिटे, तिला दाखवतो. क्षणभराचाच प्रसंग. तिला त्यातले फारसे कळत नाही, पण ती पाहते. दहाव्या भागात हा शेजारी मेलेला आहे. येझी आणि आर्तुर हे त्याचे मुलगे, ज्यांचा एकमेकांशी फारसा संबंध उरलेला नाही, ते त्याचे कुलूपबंद घर उघडतात. गजांच्या खिडक्या, धोक्याची घंटा, आणि कपाटात अतोनात किमतीचा तिकिटसंग्रह. आधी त्यांना वडिलांचा हा नाद म्हणजे वेडेपणा वाटतो. मग त्यांनाच ते वेड लागते. काही दिवस दोघे भाऊ पुन्हा पोरांसारखे जवळ येतात. पण एका दुर्मीळ तिकिटासाठी येझी स्वतःचे मूत्रपिंड देऊन बसतो. आर्तुर इस्पितळात त्याच्यापाशी असताना घर फोडले जाते आणि संग्रह नाहीसा होतो. त्यानंतर दोघेही, एकमेकांपासून लपून, पोलिसांकडे जाऊन आपल्या भावावर संशय घेतात.

शेजाऱ्याच्या वस्तूचा लोभ धरू नये, ही दहावी आज्ञा. किस्लोव्हस्की यांनी तिचा जो उलगडा केला आहे तो असा की, लोभाची सुरुवात प्रेमातूनही होऊ शकते. वडिलांचे तिकिटांवर प्रेम होते यात शंका नाही. पण ते कुलपात गेले आणि त्याचा किल्ला झाला. शेवट मात्र हसतमुख आहे. चोरीचे खरे कारस्थान लक्षात आल्यावर दोघे भाऊ एकमेकांपुढे आपला संशय कबूल करतात आणि पाहतात तो काय, दोघांनीही वेगवेगळे जाऊन टपाल कचेरीतून तीच साधी, नव्याने निघालेली तिकिटे विकत आणलेली असतात. लाखमोलाचा संग्रह गेला आणि दोन-चार कवडीमोल तिकिटे उरली; पण ती मेजावर शेजारी शेजारी मांडून हसणारे दोन भाऊ परत मिळाले. जपून ठेवलेली आवड आणि वाटलेली आवड यांतला फरक याहून सोप्या रीतीने सांगता येईल असे मला वाटत नाही.

राहिले पुस्तक. त्यासाठी युरोपात जाण्याची गरज नाही. १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेज्वीट धर्मगुरूंनी मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ साली रायतूर येथे छापला गेला. आपण त्याचा अभिमान बाळगतो तो भाषेसाठी, आणि ते योग्यच आहे. पण तो ग्रंथ लोकांपर्यंत कसा पोचला याचा विचार आपण कमी करतो. वाचता येणारी माणसे थोडी. ग्रंथ त्याहून थोडे. रविवारी आणि सणावारी मिस्सा झाल्यावर देवळात त्याचे वाचन होई आणि लोक ते ऐकत. वाचणारा एक, ऐकणारे शेकडो. ओवी ही मुळातच ऐकायची चीज. जात्यावर, कीर्तनात, देवळात ती कानांवाटे शिरते. पुढे पोर्तुगीज राज्यकर्त्यांनी स्थानिक भाषांवर बंदी घातली, छापील प्रती दुर्मीळ झाल्या, तरीही लोकांनी हाताने नकला करून तो ग्रंथ राखला आणि १९०७ मध्ये मंगळूरहून जे. एल. सालढाणा यांच्या संपादनाखाली तो पुन्हा छापून आला. जवळजवळ तीन शतके एक ग्रंथ जगला, कारण कुणीतरी तो कुणालातरी वाचून दाखवीत राहिला, उतरून देत राहिला. वाटणे हे येथे रसिकतेचे भूषण राहिले नव्हते. ग्रंथाच्या जगण्याचा तोच एक आधार होता.

आता आपल्या घरांकडे पाहावे. देवळाच्या आवारात पांढरी चादर टांगून दाखवलेला ‘दयासागर’ आपल्यापैकी अनेकांच्या आठवणीत आहे. १९७८ च्या ‘करुणामयुडू’ या तेलुगू चित्रपटाचे ते हिंदी रूप. चित्र हलत असे, आवाज मध्येच जाई. पण क्रुसाच्या प्रसंगी सारे आवार एकदम निःशब्द होई आणि दुसऱ्या दिवशी विहिरीवर, बाजारात, शेताच्या बांधावर त्याच गोष्टी निघत. आज चित्र स्वच्छ आहे, आवाज स्पष्ट आहे, जगातले बहुतेक चित्रपट खिशातल्या फोनवर येतात. एकाच घरात चार माणसे चार कोपऱ्यांत, कानात बोंडे घालून, चार निरनिराळ्या कथांमध्ये रडत-हसत बसलेली असतात. मी हे तक्रारीच्या सुरात सांगत नाही. या सोयीवाचून ‘डेकालॉग’ माझ्यापर्यंत कधी पोचली असती कोण जाणे. तक्रार आहे ती एवढीच की, उपलब्धता वाढली तसे वाढणारे हात कमी झाले. चित्रपटाचे नाव पुढे पाठवणे आणि ‘पाहाच’ एवढे लिहून मोकळे होणे म्हणजे वाढणे नव्हे. ते बाजारातून आणलेली पिशवी दारात ठेवून निघून जाण्यासारखे आहे. वाढणारा समोर थांबतो. काय आवडले, का आवडले, कुठे खटकले हे सांगतो. आणि समोरच्याने ‘मला नाही बुवा आवडले’ म्हटले तर त्याचेही ऐकून घेतो.

यात जोखीम आहे हे खरे. आपली आवड कुणी हसण्यावारी नेली तर ती जखम खोल असते, कारण आरंभी म्हटल्याप्रमाणे आपण घर उघडून दाखवलेले असते. बॅबेटने दहा हजार फ्रँक अशा पाहुण्यांवर खर्च केले, ज्यांनी न बोलण्याची शपथ घेतली होती. एक जनरल त्या दिवशी आला नसता तर? तरीही तिने तितक्याच निष्ठेने रांधले असते, असे मला वाटते. परंतु आपण पाहुणे म्हणून त्या शक्यतेवर विसंबून राहू नये.

चित्रपटाच्या अखेरीस पाहुणे निघून जातात आणि दोघी बहिणी स्वयंपाकघरात येतात. उष्ट्या भांड्यांच्या, तव्या-पातेल्यांच्या राशीत बॅबेट दमून बसलेली असते. एवढ्या रात्रीत तिच्यापाशी जाऊन जेवण चांगले झाले असे पहिल्यांदाच कुणीतरी सांगते. शब्द साधे आहेत, उशिरा आलेले आहेत; पण ते आल्यावरच ती आपण कोण होतो हे सांगते. ते शब्द आले नसते तर तिचे नाव त्या घरात कुणालाच कळले नसते. आपल्याही घरात, आपल्याही धर्मग्रामात कुणीतरी काहीतरी मनापासून वाढत असते: एखादे पुस्तक, एखादे गाणे, एखादी गोष्ट. जेवून झाल्यावर उठून स्वयंपाकघरापर्यंत जाण्याचे कष्ट आपण घ्यावेत.